पुलावर सायकलवरून उतरणारे चाचा

माझे वडील दुसऱ्याच्या मिठागरात कामाला होते. पेणच्या खाडीकडं आमचं गाव. दिवाळी झाली की मिठागरं बांधायला सुरुवात व्हायची, ती कामं थेट पावसाळ्यापर्यंत. बाबा घोटाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचे आणि आई ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधावर न्यायची. पावसाळ्यात खारजमिनीत थोडं भात व्हायचं. मी सातवीत असताना बांध फुटला, खाडी शेतात शिरली आणि पुढची तीन वर्षं तेही झालं नाही. रेशनचा जाडा तांदूळ आणि खाडीतली निवटी मासळी, एवढ्यावर आम्ही ती वर्षं काढली. बाबांच्या पायांना जखमा व्हायच्या आणि मिठाच्या पाण्यात त्या कधी बऱ्या व्हायच्या नाहीत. शेवटी पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता पाण्यात उभं राहायचं नाही, नाहीतर पाय जाईल." बाबा म्हणाले, "पोऱ्याची नोकरी पक्की झाली का नाय उबा राहनार." आणि दुसऱ्या दिवशी मिठागरात गेले.

तो पोऱ्या म्हणजे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी अभिमानानं सांगतो. त्यासाठी आईनं किती टोपल्या वाहिल्या ते मी पाहिलं आहे.

नव्वदीच्या दशकात मी बहारीनला गेलो. राजधानी मनामात एक सर्व्हेची कंपनी होती, तिथल्या प्रिंटरूममध्ये लागलो. काम काय, तर नकाशे अमोनियाच्या मशीनमधून काढायचे आणि घड्या घालून ठेवायचे. फिजिक्स शिकलेला माणूस दिवसभर अमोनिया हुंगत बसायचा. कुणी घरचं विचारलं तर मी सांगायचो, "वडील मिठाच्या खात्यात आहेत." ऐकणाऱ्याला सरकारी नोकरी वाटायची. वाटू द्यायचो.

त्या कंपनीत चाचा होते.

ते रायगडातले, म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान. वय साठीला टेकलेलं. ऑफिसचे मुख्य ड्राफ्ट्समन. फील्डवरून येणारं प्रत्येक लेव्हल बुक, म्हणजे उंचीच्या मोजमापांची वही, त्यांच्या सहीशिवाय पुढं जात नसे. बायको वारलेली, मुली लग्न होऊन आपापल्या घरी. मनामाच्या हूरा वस्तीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो आणि वरच्या मजल्यावर चाचा एकटे. कंपनीनं त्यांना गाडी दिली होती. ती बिल्डिंगखाली धूळ खात पडलेली असायची आणि चाचा सायकलवरून ऑफिसला यायचे. कडक इस्त्रीची पँट, उजव्या पायाशी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, आणि हँडलला सुतळीनं बांधलेली, सपाटी बघायची एक छोटी पाणसळ. चालत्या सायकलवर पाणसळीचा बुडबुडा नुसता नाचतो, त्याचा उपयोग शून्य. पण मनात आलं की चाचा भर रस्त्यात थांबून तिच्याकडं बघायचे आणि मान हलवायचे. "हितं कलतंय," म्हणायचे.

त्या काळात तिथं सायकल चालवायचे ते लॉन्ड्रीवाले नाहीतर बागकामवाले. ऑफिसात पुण्याचे एक इंजिनिअर होते, त्यांना हे फार लागायचं. एकदा ते म्हणाले, "अहो चाचा, तुमच्यामुळं आपल्या सगळ्या इंडियन लोकांची शोभा होते."

चाचा म्हणाले, "साहेब, तुमी गाडीतून उतरलात की तुमचीपण होते. मी आधीच उतरलेला असतंय, एवढाच फरक."

चढ त्यांना मान्य नव्हता. "चढ गाढवांसाठी. माणसानं सपाटीनं जावं आनि पाण्याच्या कडेनं जावं." निघताना बोट ओलं करून वारा बघायचे आणि जाताना मुद्दाम वाऱ्याच्या विरुद्ध जायचे, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी. निघायचं म्हटलं की हात वर करून म्हणायचे, "यल्ला, सावकाश!" अरबी माणूस यल्ला म्हणतो ते लवकर चल म्हणून. चाचांच्या तोंडी त्याच्या मागं सावकाश यायचंच.

आणि पूल. पुलावर ते सायकलवर बसत नसत. कुठलाही पूल असो, साधी मोरी का असेना, उतरायचे आणि चालत ओलांडायचे. "पाणी ओलांडताना माणसानं आपल्या पायावर असावं."

एका शुक्रवारी सकाळी ते मला शेजारच्या मुहर्रक बेटावर घेऊन गेले. मधला समुद्रावरचा पूल चांगला लांब. आम्ही दोघं सायकली हातात धरून चालतोय आणि बाजूनं गाड्या हॉर्न मारत चाललेल्या. पोलीस थांबला. त्याला वाटलं सायकली बिघडल्या.

"सायकल खराब, सदीक?"

"मफी खराब," खराब नाही, असं चाचा म्हणाले आणि खाली बोट दाखवलं. "पाणी."

पोलिसानं पाण्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. बहुधा त्याला वाटलं म्हातारा उडी मारायच्या विचारात आहे, कारण पूल संपेपर्यंत त्याची गाडी आमच्या मागून सावकाश येत राहिली. चाचा खूश. "बग, त्यालापण समजला कसं चालवायचं ते."

शुक्रवारी माझ्यासारख्या कुणालातरी उठवून ते शहराबाहेर तुबलीच्या खाडीवर न्यायचे. एका बाजूला गॅरेजं, पत्र्यांचा ठोकठोकाट, आणि दुसऱ्या बाजूला उथळ खाडी, तिवरं, चिखलात उभे फ्लेमिंगो. नाकाला रुमाल लावावा असा वास. चाचा तिथं तासभर बसायचे आणि मग जुम्म्याच्या नमाजाला परतायचे. मला सुरुवातीला वैताग यायचा. असली खाडी सोडून पळण्यासाठीच तर मी एवढं शिकलो होतो.

बसले की ते फ्रान्सचं बोलायचे. फार वर्षांपूर्वी कंपनीत एक फ्रेंच सर्व्हेअर होते. ते जाताना चाचांना आपल्या गावी घेऊन गेले, एक सायकल हातात दिली आणि ल्वार नदीच्या काठानं समुद्रापर्यंत चालवायला लावली. तेव्हापासून दर दोन वर्षांच्या सुट्टीत चाचा आधी म्हसळ्याला जायचे, मुलींना, नातवंडांना भेटायचे आणि उरलेले पंधरा दिवस त्या नदीला द्यायचे. त्यांच्या खोलीत भिंतभर ती नदी होती. ट्रेसिंग पेपरवर स्वतः काढलेली, प्रत्येक वाळूचं बेट, प्रत्येक ओढा. पण कुठल्या राजाचा वाडा कुठं आहे ते काहीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "वाडा काय, हितं पण हायत. आपन पाणी बगायला जातंव."

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण चाचा मला कळले ते तिच्यामुळं.

ऑफिसात नकाशे काढणारे कॉम्प्युटर आले. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, प्रिंटरूम वर्षअखेरीस बंद होणार, तुझा करार तिथंच संपेल. सर्व्हेत एक जागा आहे, चाचणी दे. पास झालास तर राहशील. म्हणजे नोकरी पक्की होणार की दिवाळीनंतर बाबा पुन्हा पाण्यात उतरणार, हे त्या एका चाचणीवर आलं.

चाचणी लेव्हलिंगची. दुर्बिणीच्या मशीननं जमिनीची उंची टप्प्याटप्प्यानं मोजत जायचं आणि फिरून सुरुवातीच्या खुणेवर परत यायचं. परत आल्यावर सुरुवातीचाच आकडा मिळायला हवा. नाही मिळाला तर वाटेत कुठंतरी चूक आहे. मे महिन्याच्या उन्हात मी भराभर मोजलं, सगळ्यांच्या आधी संपवलं आणि हिशेब केला तर तीन सेंटिमीटरचा फरक. पुन्हा मोजायला अख्खा दिवस गेला असता. मी काय केलं, मधला एक आकडा खोडला आणि असा लिहिला की उत्तर बरोबर जुळावं. परीक्षेत उत्तर जुळवायची सवय असलेला ग्रॅज्युएट दुसरं काय करणार!

चाचांनी बुक पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मिटलं आणि मॅनेजरला हिंदीत म्हणाले, "अभी कच्चा है साब. गर्मी के बाद देखेंगे."

मला वाटलं, म्हाताऱ्यानं माझा गळा कापला. आपला, कोकणातला माणूस, आणि मलाच आडवा आला! महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. घरून बहिणीचं पत्र आलं. बाबांना सही येते तेवढीच, त्यामुळं पत्रं तीच लिहायची. लिहिलं होतं, 'बाबांच्या डाव्या पायाला पुन्हा पू झाला आहे. विचारतात, पोऱ्याचं काय झालं.' मी उत्तर लिहिलं नाही.

जुलैत चाचा खाली आमच्या खोलीत आले. "काय ग्रॅज्युएट, सुट्टी टाक. माजी साखर वाढलीय, डॉक्टर एकट्याला जाऊ देत नाय. तू चल."

"मीच का?"

"तुला घाई लय आसते. ती जरा उतरवून आनू."

मी रागातच हो म्हटलं. दुसरी चाचणी त्यांच्याच हातात होती, नाही कसं म्हणणार? तिकीट त्यांनी काढलं आणि त्याबद्दल मला तोंड उघडू दिलं नाही. व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, प्रवासाचा हेतू काय? चाचा म्हणाले, "सायकल." त्या बघतच राहिल्या, तेव्हा त्यांनी आणखी एक शब्द जोडला, "स्लो."

त्या फ्रेंच साहेबांच्या गोठ्यात सायकली ठेवलेल्या होत्या. तिथून समुद्रापर्यंत साधारण एकशेनव्वद किलोमीटर. मी म्हटलं, चार दिवस. चाचा म्हणाले, बारा.

त्या बारा दिवसांचं काय सांगू? रस्ता नदीच्या बांधावरून. हो, बांधच. पूर येऊ नये म्हणून मातीचा उंच बांध घातलेला, त्यावरून डांबरी वाट, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला खाली शेतं, गाई, विलोची झाडं. नदी उन्हाळ्यात आटलेली, मधे पांढऱ्या वाळूची बेटं, त्यावर बगळे. चाचा अर्ध्या तासानं थांबायचे. सपाट बुडाच्या होड्या बघायला थांबायचे, गाईंना सलाम करायला थांबायचे, आणि मोऱ्या एवढ्या की आम्ही सायकलवर कमी आणि पायी जास्त. एक आजीबाई सायकलच्या करंडीत लांब पाव घेऊन आम्हाला मागं टाकून गेल्या. चाचांनी हात हलवला, "जा बाय, तू हो पुढं! घरी वाट बगत आसतील!" आजीबाईंनी वळून हसून काहीतरी उत्तर दिलं. तिथल्या लोकांशी ते आपल्या बोलीतच बोलायचे. "आये, जरा पाणी दे गो," म्हणत बाटली पुढं करायचे आणि पाणी मिळायचं. माझं इंग्रजी मात्र कुणाला कळत नव्हतं.

मुक्काम गावोगावच्या तंबूच्या मैदानांवर. एका संध्याकाळी, ऊन अजून लख्ख होतं, चाचांनी स्टोव्हवर सुकट भाजायला घेतली. शेजारच्या तंबूतलं गोरं कुटुंब उठून आपला तंबू लांब हलवायला लागलं. मी शरमेनं लाल. चाचांनी एका पावाच्या तुकड्यावर थोडी सुकट घातली, कांदा घातला आणि त्या घरच्या बापाला नेऊन दिली. तंबू अर्धाच हलला होता. तो तिथंच राहिला आणि थोड्या वेळानं ताटली घेऊन बाई आमच्याकडं आल्या.

सहाव्या-सातव्या दिवशी माझं घड्याळ बघणं बंद झालं. राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. तो एकदम गेला नाही, वाटेत थोडा थोडा सांडला असावा. पुढं नदी रुंद झाली, मचाणावरच्या झोपड्यांतून पाण्यात सोडलेली चौकोनी जाळी दिसली. मग आम्ही नदी सोडून दलदलीच्या मुलखात शिरलो. गवतानं शाकारलेली घरं, काळ्या पाण्याचे पाट, माणसापेक्षा उंच बोरू. आणि अकराव्या दिवशी वारा बदलला. तो वास मी झोपेतही ओळखला असता. वळणावरून पुढं आलो तर समोर क्षितिजापर्यंत मिठागरं.

तीच वाफ्यांची नक्षी, तसेच मातीचे बांध, तशाच पाण्याला वाट देणाऱ्या उघाड्या. आणि एका वाफ्याच्या काठावर अनवाणी उभा असलेला पन्नाशीचा माणूस लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होता. मीठ आमच्यापेक्षा करड्या रंगाचं, एवढाच फरक. मी सायकल तशीच टाकली.

"चाचा," मी म्हटलं, "माझे वडील हेच करतात. खात्यात वगैरे नाहीत. पाण्यात उभे असतात."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगायचा! बाकीचे लोक बांदावर सायकल घेतली की खाली बगतात. तू बगत नायस. जो पोर बांदावर चालायला शिकला तोच आसा जातो."

त्यांनी त्या माणसाला हाक मारली, माझ्याकडं बोट दाखवलं, हातांनी फळी ओढायची खूण केली आणि हिंदुस्थानच्या दिशेनं हात केला. माणूस हसला. मला खाली ये म्हणाला. मी बूट काढून त्या पाण्यात उतरलो. त्यानं माझा हात धरून वाफ्याच्या तळावरून फिरवला आणि अंगठा आडवा धरून दाखवला. मधला भाग कडेपेक्षा एवढाच उंच, अंगठ्याच्या जाडीएवढा. त्यानंच पाणी फिरतं आणि मीठ धरतं. हे मला नवीन नव्हतं. दिवाळीनंतर बाबा तळ तुडवून तुडवून हाच उतार काढायचे, नुसत्या पायांच्या अंदाजानं. मी ते लहानपणापासून पाहिलं होतं आणि ते शहाणपण आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

चाचा बांधावर बसून बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. "ह्याच्याकडं मशीन हाय? नाय. तुज्या बापाकडं हाय? नाय. बोटभर चुकला तर वर्साचं मीठ जातं. मग तो काय करतो, सांग. आकडा खोडतो?"

मी वर पाहिलं.

"खोडलेला दिसतो रे पोरा. मी चाळीस वर्सं ती बुकं बगतंय. मॅनेजरला सांगितला आसता तर तू त्याच दिवशी विमानात. म्हणून कच्चा हाय, येवढाच बोललो."

मी त्या पाण्यात उभाच राहिलो. रडलो वगैरे नाही. पण "माझं चुकलं" हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुठलंही कारण न जोडता म्हटलं.

"बरा," चाचा म्हणाले. "आता बाहेर ये. पाय धू गोड्या पाण्यानं. बापाचे तर कोन धुवत नसंल."

बाराव्या दिवशी समुद्र आला. चाचांनी पायाचे घोटे बुडवले, खडकावर बसून पावाचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "झाला." त्यांची ती शेवटची फेरी ठरली. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन म्हसळ्याला गेले आणि आता ते नाहीत.

दुसरी चाचणी ऑक्टोबरमध्ये, हमद टाउनच्या एका गोलाकार चौकापासून निघणाऱ्या गटाराच्या लाइनची. मी सावकाश मोजलं. हिशेब केला तर चौदा मिलिमीटरचा फरक. मॅनेजर गाडीत एसी लावून बसलेले, चाचा सावलीत. मी बुक घेऊन गेलो आणि सांगितलं, "सर, जुळत नाही. हे मी देणार नाही, पुन्हा मोजतो."

"पूरा दिन जाएगा," मॅनेजर म्हणाले.

"जाएगा सर."

चाचांनी आमच्याकडं पाहिलंही नाही.

मी लाइनवरून पायी गेलो. मशीन पाचव्यांदा लावलं होतं त्या जागी जमीन पायाखाली वेगळी लागली. वर मिठाची पापडी, खाली ओल. अशा जमिनीवरच मी चालायला शिकलो होतो. मशीनचं तीन पायांचं तिकाटणं तिथं उभं केलं की त्याचा एक पाय हळूहळू खचत होता आणि माझे पुढचे सगळे आकडे घेऊन जात होता. मी जवळच्या बांधकामावरून फळ्यांचे तुकडे आणले, तिन्ही पायांखाली घातले आणि पहिल्या खुणेपासून पुन्हा सुरुवात केली. दुपारची सावली लांब झाली तेव्हा शेवटचा आकडा आला. फरक दोन मिलिमीटर, एवढा चालतो. मी दोनच लिहिला.

मॅनेजर घड्याळ दाखवत म्हणाले, "टाइम बहुत लिया."

चाचा उठले, पँटचा चिमटा नीट केला. "साब, जल्दी चाहिए तो टॅक्सी बुला लो. सर्व्हेअर चाहिए तो ये खडा है." आणि तिथंच, सायकलच्या सीटवर बुक ठेवून, त्यांनी सही केली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मला असिस्टंट सर्व्हेअरचं पत्र मिळालं. मी गावातल्या किराणावाल्याच्या दुकानात फोन करून बाबांना बोलावून घेतलं. ते धापा टाकत आले. "नोकरी पक्की झाली," मी सांगितलं. त्यांनी आधी दम घेतला. मग म्हणाले, "बरा. कागूद आला ना हातान?"

"आला."

त्या वर्षी मिठागरं बांधायला घेतली तेव्हा आमच्या घरातून कुणीही पाण्यात उतरलं नाही. बाबांचा पाय वाचला.